मशीन थांबलं म्हणून उठायचं नाही

कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाई आली की लोक आधी तिच्या मागे बघतात. मागून कोणीतरी पुरुषमाणूस येत असणार अशी त्यांची खात्री असते. धसईच्या एका भातगिरणीच्या मालकाने मला खुर्ची दिली, चहा पाजला, यंदाच्या भाताबद्दल माझं मत विचारलं आणि शेवटी घड्याळाकडे बघत म्हणाला, "मंग मिस्तरी कवा येनार?" मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्या मशीनच्या पोटातून मी इतका कोंडा काढला की घरच्या कोंबड्यांची एक वेळ सहज भागली असती. त्यानंतर मात्र तो आपल्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना माझंच नाव सांगायचा.

मुरबाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझा आधी टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि शिकवायला आणलेली मशीनं सारखी बंद पडायची म्हणून मी ती उघडायला शिकले. हळूहळू शिकवणं मागे पडलं आणि उघडण्यावरच पोट भरू लागलं. मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके मी स्कूटरवर पालथे घातले. आता गुडघे बोलायला लागलेत. दुकान भाचीने घेतलंय आणि मी गल्ल्यावर बसून तिच्या गिऱ्हाइकांना नको ते सल्ले देते.

आमच्या धंद्यातलं खरं कसब हातात नसतं, मानेत असतं. ती वेळेवर वळवता आली पाहिजे. माणूस कॉम्प्युटर दुरुस्तीला देतो तेव्हा घरातलं कपाट सताड उघडं टाकून जातो. कोणाच्या आजाराचे कागद, कोणाचे लग्न मोडल्याचे निरोप, सगळं समोर येतं. आपण आपलं बिघडलेलं तेवढं बघायचं. म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत एक बैलांचा व्यापारी लॅपटॉप घेऊन आला होता. पाणी सांडलं होतं, आतलं सगळं वाचवून दे म्हणाला. बैलांच्या फोटोंच्या मध्येच एक कवितांची फाईल होती. तो अवघडून म्हणाला, "बाई, तेवढं नका बघू. ते बैलांचं नाय." मी म्हटलं, "दादा, मी बैलसुद्धा नाही बघितले." तो एवढा खूश झाला की जाताना मला चांगली खोंडं ओळखायची एक खूण सांगून गेला. मला तिचा अजून उपयोग झालेला नाही.

पण मान वळवण्याबद्दल मला जे काही कळलं असं वाटत होतं, ते किती थोडं होतं हे मला शहापूरच्या अर्जाच्या कचेरीत कळलं. तीच गोष्ट सांगायला बसलेय.

त्या संस्थेचं पाटीवरचं नाव लांबलचक आहे, पण लोक तिला अर्जाची कचेरीच म्हणतात. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत एक लांब बाक. पाड्यापाड्यांतून माणसं येतात आणि त्या बाकावर बसतात. कोणाला जातीचा दाखला हवा असतो, कोणाचं रेशनकार्ड फाटलेलं असतं, कोणाचा वनजमिनीचा दावा अडकलेला असतो. आत बसलेलं माणूस त्यांचं म्हणणं ऐकतं, अर्ज लिहितं आणि जिथे जायचा तिथे पाठवतं. पूर्वी हे टपालाने व्हायचं, आता ईमेलने होतं.

कचेरी चालवायचे आप्पा. कोर्टातले जुने टंकलेखक, काटक बांधा, आवाज मात्र अख्ख्या आळीला पुरेल असा. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कोणासाठी मोडला नाही. अर्ज ज्याच्या नावाने जाणार त्याला तो मोठ्यांदा वाचून दाखवायचा, त्याने "माझंच आहे" म्हणायचं, मगच पाठवायचा. या भागात माणसांनी आत काय लिहिलंय ते न कळता कागदांवर अंगठे दिलेत आणि त्या अंगठ्यांनी त्यांचं होतं नव्हतं ते नेलंय. आप्पांच्या वडिलांनीही असा एक अंगठा दिला होता. त्यापलीकडे ते काही सांगत नसत.

आप्पांना एकच मुलगी. घरात आणि कचेरीत सगळे तिला चिमी म्हणायचे. ती लहानपणी त्याच बाकावर पाय हलवत अभ्यास करायची, त्यामुळे जुन्या माणसांना ती आपल्या घरातलीच वाटे. पुढे ती कचेरी सांभाळेल असं आप्पांनी तिला न विचारता ठरवून टाकलं होतं. तिने बंगळूरला नोकरी धरली. त्या दिवसापासून आप्पांनी तिचं नाव टाकलं आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कोणी ते घेतलेलं त्यांना खपेनासं झालं.

ईमेलचं काम मंदा करायची. तिचं गाव तानसा तलावाच्या अंगाला. जन्मापासून तिला दिसत नाही. अंधशाळेत ती टायपिंग शिकली आणि टायपिंगचा क्लास चालवलेली बाई म्हणून सांगते, तिच्या बोटांचा वेग बघून मला हेवा वाटला. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक बोलणारं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर जे लिहिलं जाईल ते तो आवाज वाचून दाखवतो. आपले नेहमीचे ईमेल त्या आवाजाला झेपत नाहीत, कारण त्यांत चित्रं, बटणं आणि जाहिरातींची भाऊगर्दी असते. म्हणून मी तिला जुन्या पद्धतीचा, नुसत्या अक्षरांचा ईमेल बसवून दिला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही. सगळं काम कळा दाबून. डोळस माणसाला तो पडदा बघून वाटतं, मशीन बिघडलंय. शिवाय त्या पडद्यावर मराठीचे फार हाल होतात. काना एका घरात, वेलांटी दुसऱ्या घरात. मला वाचायला डोळे बारीक करावे लागत. मंदाला फरक पडत नसे, तिला ऐकू अगदी नीट येई.

एक दिवस तिचा फोन आला. आवाज चिडलेला.

"विशेबाई, तुमी आज येता का नाय? मला फोनवर बसवनार म्हनतात."

मी गेले. झालं होतं असं की एका मेलमध्ये पाड्याचं नाव लिहिताना अक्षर निसटलं होतं आणि तालुक्याच्या ऑफिसने "असा पाडा आमच्याकडे नाही" म्हणून अर्ज परत धाडला होता. घाईत अक्षर कोणाचंही निसटतं, पण ऐकताना ते प्रत्येक वेळी कळतंच असं नाही. त्यामुळे आधीपासूनच आप्पा मंदाचा प्रत्येक मेल कागदावर छापून घेऊन, भिंग लावून तपासायचे, तरी हे एक त्यांच्याही नजरेतून सुटलं होतं. ते सुनावणीला ठाण्याला गेले की मेल पडून राहायचे. आता संस्थेची कमिटी म्हणत होती की मेलसाठी दिसणारं माणूस आणा आणि मंदाला फोन घ्यायला बसवा. आप्पांनी म्हशाची जत्रा होईपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

"माजा लिवलेला मीच धाडनार," मंदा म्हणाली. "मधी कोनाची नजर नको. एवढा करा माज्यासाठी."

मी तशी तापट बाई आहे. कमिटीवर चार शब्द उधळले, मग शांत झाले आणि कामाला लागले.

आता हे काम काय असतं ते सांगते, कठीण नाही. त्या काळ्या पडद्याच्या ईमेलला शुद्धलेखन येत नाही. त्याला फक्त एका फाईलमध्ये एक ओळ लिहून सांगायचं, की बाबा रे, पत्र पाठवण्याआधी अमुक कळ दाबली तर शेजारच्या तपासनिसाला बोलाव. तपासनीस म्हणजे दुसरा एक प्रोग्राम, ज्याच्याकडे शब्दकोश असतो. तो पत्रातला एकेक शब्द कोशात शोधतो. सापडला की पुढे जातो, नाही सापडला की तिथे थांबतो, जवळचे शब्द सुचवतो आणि आपण काय सांगू त्याची वाट बघतो. बदल म्हटलं की बदलतो, राहू दे म्हटलं की राहू देतो. आणि शिकवायची एक कळ असते. ती दाबली की तो शब्द कायमचा लक्षात ठेवतो आणि पुन्हा कधी त्याला अडत नाही.

पहिल्याच फटक्यात ते बसलं. मंदाने मुद्दाम चुकांनी भरलेलं पत्र टाकलं आणि ते कुठेही न थांबता पार झालं. मी खूश. मग माझ्या डोक्यात शिरलं की त्या तपासनिसाला मी इंग्रजी कोश दिला होता आणि मराठीकडे तो बघतच नव्हता. हे मी मंदाला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मला हसायला थोडा वेळ लागला.

मराठी कोश घातल्यावर दुसरं नाटक. कोणाच्या पत्राला उत्तर द्यायचं तर त्याचं मूळ पत्र आपल्या मजकुराखाली येतं. तपासनीस त्यातही चुका काढत बसला. तालुक्याच्या साहेबांच्या पत्रात तो जागोजागी थांबायला लागला तशी आप्पांना भारी गंमत वाटली.

"धर, साहेबाला पन धर! सोडू नको!" ते म्हणाले.

पण असं करून चालत नाही. समोरच्याने लिहिलेलं त्याचं असतं, त्याला आपण हात लावायचा नाही. तशी एक सोय त्या प्रोग्राममध्ये आहे, ती मी लावून दिली. आप्पा थोडे हिरमुसले.

खरी मजा पुढे आली. आप्पांच्या नियमामुळे आवाज स्पीकरवर असायचा, अर्जदाराला ऐकू जावं म्हणून. मशीन आधी अख्खं पत्र वाचून दाखवी, मग मंदा तपासणीची कळ दाबी. आणि तपासनीस कुठे अडणार? कोश तयार करणाऱ्यांना आमची गावं, आमचे पाडे, आमची आडनावं कुठून माहीत असणार? पहिल्याच दिवशी तो खणखणीत आवाजात "डोळखांब" म्हणाला आणि थांबला. बाकावरून दोन माणसं पिशव्या सावरत उठली आणि आत आली.

"आमीच डोळखांबचं. बोला."

मंदा गोंधळली. त्यांना परत बसवेपर्यंत तो "हिलम" म्हणून थांबला. कोपऱ्यातून हिलमबाबा काठी टेकत उठले. त्यांचा नंबर यायला अजून कितीतरी वेळ होता, पण नाव पुकारलं म्हटल्यावर माणूस उठणारच. सरकारी दवाखान्यात, तहसीलला, रेशनवर, सगळीकडे त्यांनी हेच केलेलं. आपलं नाव कोणीतरी मोठ्याने घेऊन थांबलं की आपण उठायचं आणि हात जोडून पुढे व्हायचं. मग तो "टोकावडे" म्हणाला आणि त्याने आपली सूचना वाचली, "टोकावर? टोकाकडे?" तिथली एक म्हातारी ठसक्यात म्हणाली, "टोकावर कशाला? रस्त्यालाच लागून हाय आमचा गाव. सायबाला म्हनावं एस्टीनी ये." मी पडवीत जाऊन तोंडाला पदर लावून हसले.

शेवटी आप्पा दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी बाकाला जाहीर केलं, "ऐका रे सगळे! मशीन थांबला म्हून उठायचा नाय. मी नाव घेईन तवाच उठायचा."

लोक उठायचे थांबले, पण ऐकायचे थांबले नाहीत. मशीनला आपला पाडा माहीत नाही हे काहींना फार लागलं. मंदा प्रत्येक गाव, प्रत्येक आडनाव शिकवायची कळ दाबून शिकवत होती. येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "आमचा पाडा शिकवलास का गो त्याला?" नकाशात नसलेले पाडे त्या मशीनला पाठ झाले. हिलमबाबा तर आपलं काम झाल्यावरही एकदा मुद्दाम येऊन बसले, आपल्या नावाला आता ते थांबत नाही याची खात्री करायला. न थांबता पुढे गेलं तेव्हा समाधानाने मान हलवून ते घरी गेले.

मंदाच्या चुका निघेनाशा झाल्या. तिचं काम झालं असं मला वाटलं, पण तिला आता वेगळीच गोष्ट खुपायला लागली होती. सगळ्या बाकाला सगळ्यांचं सगळं कळत होतं. कोणाची सून नांदत नाही, कोणाला कसला आजार आहे, कोणाचा मुलगा काय करून बसलाय. पूर्वी आप्पा वाचून दाखवायचे तेव्हाही कळायचं, पण आप्पा माणूस बघून आवाज खाली आणायचे. मशीनला ते जमत नाही.

"मी कानात घालून ऐकते," मंदा म्हणाली. "स्पीकर बंद."

आप्पा भडकले. "नि मंग ज्याचा अर्ज त्याला काय कळनार? तू कानात घालनार, गपचूप धाडनार. त्या अंगठ्यात नि ह्यात फरक काय राह्यला?"

"म्हून काय अख्ख्या बाकानं ऐकायचं, आप्पा?"

"लपवण्यासारखं आपल्याकडं काय नाय!"

"आपल्याकडं नाय. त्यांच्याकडं असंल."

स्पीकर मात्र चालूच राहिला. दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली आणि माझा फोन वाजायला लागला. ती म्हणायची, आप्पांना समजवा. ते म्हणायचे, तुमच्या मंदाला समजवा. दोघांचंही खरं होतं. अशा बिघाडाला उघडायला कुठे स्क्रू सापडत नाही, त्यामुळे मी आपली येऊन कीबोर्ड पुसून जायची.

जत्रा जवळ आली होती. त्या दिवशी मी कीबोर्डमध्ये एक बदल करायला गेले होते. आप्पांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या अक्षरांना सरावलेली, मंदाची नव्या. आप्पांना कधी लिहायचं झालं तर एक कळ दाबून अक्षरांची जागा बदलावी, अशी सोय हवी होती. बाक भरलेला होता. अगदी कडेला एक तरुण बाई बसली होती, पदर तोंडावर ओढलेला. तिचं घर गावाच्या टोकाच्या वस्तीत, नवरा वीटभट्टीवर गेलेला. तिच्याच वस्तीतल्या दोघीतिघी बाकावर होत्या, आणि ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

आप्पांनी नाव घेतलं तशी ती आत आली. मंदाच्या कानाला लागून तिने काय ते सांगितलं. मी कीबोर्ड देऊन मागे झाले होते, पण एवढं कळलं की पत्र मुंबईच्या कुठल्याशा हॉस्पिटलला होतं. मंदाने लिहिलं. मग नेहमीसारखी कळ दाबली आणि मशीन खणखणीत आवाजात सुरू झालं, "मला मागच्या पावसाळ्यापासून..."

त्या बाईने मंदाचं मनगट घट्ट धरलं. मला ते अजून दिसतं. बाहेर बाकावरचे सगळे कान आत लागले होते.

मंदाने आवाज बंद केला.

"का थांबला?" आप्पा आतल्या खोलीतून म्हणाले.

मंदाने आपल्या पर्समधून मोबाईलचा इयरफोन काढला, त्या दोन वायरींचा गुंता बोटांनी सोडवला, पिन चाचपून मशीनला लावली. एक बोंडी तिने स्वतःच्या कानात घातली. दुसऱ्या हाताने त्या बाईचा पदर बाजूला सारला, तिचा कान शोधला आणि दुसरी बोंडी तिच्या कानात घातली. वायर आखूड, त्यामुळे दोघींना डोकं डोक्याला लावून बसावं लागलं. मंदाने पुन्हा कळ दाबली. आता खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

आप्पा बाहेर येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर. दोघी ऐकत होत्या. मध्येच त्या बाईने मान हलवली, "तसा नाय" म्हणाली आणि मंदाच्या कानात काहीतरी सांगितलं. मंदाने ते बदललं. पुन्हा दोघी ऐकायला लागल्या. वस्तीच्या नावाला तपासनीस अडला असावा, कारण मंदाने शिकवायची कळ दाबलेली मी पाहिली. शेवटी दोघींनी एकदमच कानातून वायरी काढल्या.

आप्पा पुढे झाले. मला वाटलं, आता भडका उडणार.

"बाये," त्यांनी तिला विचारलं, "वाचून दावला का तुला समदा?"

"व्हय, दावला."

"चुकला व्हता तो बदलला?"

"बदलला."

"तुजाच हाय ना?"

"माजाच हाय."

आप्पांनी चष्मा खाली नाकावर घेतला. "मंग धाड, मंदे," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवसापासून कचेरीत स्पीकर लागला नाही. जत्रा झाली, कमिटी बसली. आप्पांनी सांगितलं की मेल मंदाच लिहील, मंदाच पाठवील, आणि ते स्वतः मेल छापून बघणार नाहीत. कोणीतरी विचारलं की मग आपल्या वाचून दाखवायच्या नियमाचं काय. आप्पा म्हणाले, "ज्याला दावायचा त्याला दावतो आमी. दुसऱ्याला नाय." दुसऱ्या दिवशी मंदाने मला पेढे दिले. ती पहिल्यांदाच कोणाच्याही नजरेखालून न जाता मेल पाठवत होती, आणि एवढ्यासाठी पेढे वाटणारी मी तरी दुसरी पाहिली नाही.

यानंतर आप्पांची नजर जायला लागली. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकवू. भिंग लावूनही अक्षर दिसेना. ते कचेरीत येऊन बसायचे, नावं घ्यायचे आणि बाकावरच्या माणसांना आवाजावरून ओळखायचे. ओळखायला चुकले की चिडायचे. मंदा त्यांना काही शिकवायला गेली नाही, फक्त त्यांच्या वाटेतलं स्टूल तिने एका कोपऱ्यात कायमचं लावून ठेवलं.

एकदा मी अशीच गेले होते. काम काही नव्हतं. खरं सांगायचं तर दुकान भाचीला दिल्यापासून मला करमत नाही आणि शहापूरला गेलं की बरं वाटतं. मंदाशी बोलत होते तेवढ्यात आप्पा टेबलापाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ उभेच.

"मंदे, मला एक पत्र लिवायचाय."

"सांगा, लिवते."

"नाय. मीच टंकतो."

मंदा लगेच उठली. मी बसवून दिलेली ती कळ तिने दाबली, अक्षरं आप्पांच्या सवयीची झाली. आप्पा खुर्चीत बसले आणि टंकायला लागले. कीबोर्ड आहे, टाइपरायटर नाही, हे त्यांच्या बोटांना कधीच पटलं नाही. खाड खाड खाड, बाकावरची माणसं दचकत होती. मधे थांबायचे, कपाळ चोळायचे, पुन्हा खाड खाड. मी पडद्याकडे पाठ करून उभी राहिले. पडद्याकडे पाठ केली की आपलं काम झालं, अशी माझी समजूत होती.

"झाला," आप्पा म्हणाले. "आता वाचून दाव."

मंदाने इयरफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक बोंडी आपल्या कानात घातली आणि दुसरी तिच्यासमोर धरली. तो आता कचेरीचा रिवाजच झाला होता, एक कान लिहिणाऱ्याचा, एक कान ज्याचं पत्र त्याचा. मंदाने ती बोंडी घेतली. घेऊन त्यांच्या दुसऱ्या कानात घातली.

"दोन्ही तुमचेच," ती म्हणाली. मग वाचायची आणि तपासायची कळ त्यांचं बोट धरून दाखवली आणि माझा दंड पकडला. "चला विशेबाई, मला पडवीत न्या."

त्या कचेरीत डोळे मिटून मंदा फिरते आणि डोळे उघडे ठेवून मी ठेचकाळते. तिला कोणी न्यायची गरज नव्हती. मला बाहेर काढायची होती. आम्ही बाकाच्या कडेला बसलो. हिलमबाबा सरकले.

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग आतून आप्पांचा आवाज आला. कानांत काही घातलं की माणूस ओरडून बोलतो, हे त्यांना कोण सांगणार?

"मंदे! अडला हा!"

मंदा उठली नाही.

"पयल्याच शब्दाला अडला! 'चिमे' म्हनतो नि थांबतो! चिमे! ... चिमे!"

कोर्टात कमावलेला तो आवाज. पडवीतून, अंगणातून, पार रस्त्यापर्यंत गेला असेल. मुलीला अंगणातून हाक मारावी तशी ती हाक होती, आणि कित्येक वर्षांत ती त्या कचेरीत कोणी ऐकली नव्हती. बाकावर सगळी जुनी माणसं होती. कोणी कोणाकडे बघितलं नाही. हिलमबाबा आपल्या काठीकडे बघत बसले. आप्पांनी नाव घेतलं होतं, आता उठायला हरकत नव्हती, पण जिचं नाव होतं ती बाकावर नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

मग मंदा उठली. भिंतीला हात न लावता सरळ आत गेली, आप्पांच्या एका कानातली बोंडी काढली आणि अगदी हळू बोलली. हळू बोलली तरी बाकाने ऐकलंच.

"त्याला ठाव नाय, आप्पा. शिकवून ठेवा, मंग नाय अडायचा."

"तू दाब."

"नाय. तुमी दाबा."

मग आप्पांनी ती कळ दाबली, इतक्या जोराने की बाहेर बाकावर आम्हा सगळ्यांना ऐकू आली.